पिशवीवर ‘निगेटिव्ह’ लिहिलं होतं

आईकडे एक रजिस्टर आहे. जाड पुठ्ठ्याचं, दुकानदार उधारी लिहायला वापरतात तसलं. २००५ पासून ती त्यात चिठ्ठ्या चिकटवते आहे. रक्तपेढीतून रक्ताची बॅग घेताना क्रॉसमॅचची जी चिठ्ठी हातात मिळते, ती. वर बॅगेचा नंबर, रक्तगट, तारीख. खाली पाच तपासण्या: एचआयव्ही, हेपॅटायटिस बी, हेपॅटायटिस सी, व्हीडीआरएल, मलेरिया. प्रत्येकीपुढे एकच शब्द, निगेटिव्ह. जून २०२२ पर्यंत अशा ४१२ चिठ्ठ्या झाल्या होत्या. म्हणजे दोन हजार साठ वेळा निगेटिव्ह.

त्यातला निदान एक निगेटिव्ह चुकला होता. कुठला, ते कुणालाच माहीत नाही. आणि ते शोधून काढायची गरज आमच्या घराबाहेर कुणालाही वाटली नाही. मला भांडायचंय ते या दुसऱ्या गोष्टीशी.

माझ्या धाकट्या भावाला थॅलेसेमिया मेजर आहे. त्याचं शरीर धड रक्तच बनवत नाही. आठ महिन्यांचा असताना कळलं, तेव्हापासून दर वीस-पंचवीस दिवसांनी त्याला बाहेरचं रक्त लावावं लागतं. लहान होता तेव्हा एक बॅग पुरायची, आता दोन लागतात. आम्ही मूर्तिजापूरचे. एका बाजूला अकोला, दुसऱ्या बाजूला अमरावती, आम्ही मधोमध. जिथे त्याच्या गटाचं रक्त असेल तिकडे जायचं. उन्हाळ्यात कॉलेजं बंद, शिबिरं बंद, तेव्हा बाबा सकाळी अकोल्यात असायचे आणि दुपारी अमरावतीत. मी दहावीत होते तेव्हा मला दोन्ही शहरांतल्या रक्तपेढ्यांचे फोन नंबर पाठ होते. मैत्रिणींना गाणी पाठ असायची.

मे २०२२ च्या शेवटी नागपूरची बातमी आली. थॅलेसेमियाच्या चार मुलांना रक्तातून एचआयव्ही झाला, त्यातलं एक लेकरू गेलं. आणखी काही मुलांना हेपॅटायटिस सी आणि बी झाल्याचं तिथल्या डॉक्टरांनी सांगितलं. राष्ट्रीय मानवाधिकार आयोगाने स्वतःहून दखल घेऊन राज्याला नोटीस काढली. आमच्याकडे तर धास्ती त्याआधीपासूनच होती. सप्टेंबर २०२१ मध्ये आमच्याच तालुक्यातल्या एका तान्ह्या मुलीला अकोल्यात रक्त दिल्यानंतर एचआयव्ही निघाला होता. आईबाप दोघंही निगेटिव्ह. तेव्हाचे आरोग्यमंत्री राजेश टोपे यांनी चौकशीचे आदेश दिले होते. आई म्हणाली, “याची बी करून घ्या सगळी तपासणी. मले झोप नाही येऊन राह्यली.”

एचआयव्ही निगेटिव्ह आला. हेपॅटायटिस बी निगेटिव्ह, त्याची लस त्याला लहानपणीच दिली होती. हेपॅटायटिस सी पॉझिटिव्ह. सी ला लस नाही.

आईने रजिस्टर उघडून डॉक्टरांपुढे धरलं. “काहून साहेब, अशानं कसं होईन? आपण तं दरवेळा चिठ्ठी पाहूनच घेतली.” डॉक्टर भला माणूस. त्याने रजिस्टर सावकाश बंद केलं आणि म्हणाला, “चिठ्ठी खोटी नसते ताई. चिठ्ठीला जेवढं दिसतं तेवढंच ती सांगते.”

हे वाक्य मला पुढे वर्षभर छळत राहिलं, कारण ते खरं आहे आणि ते आम्हाला सतरा वर्षांत कुणी सांगितलं नव्हतं.

चिठ्ठीला काय दिसतं? आपल्याकडे बहुतेक रक्त इलायझा पद्धतीने तपासलं जातं. हेपॅटायटिस सी साठी ही चाचणी मुख्यतः विषाणू शोधत नाही, विषाणूविरुद्ध शरीराने तयार केलेली प्रतिपिंडं शोधते. माणसाला आज लागण झाली तर ती प्रतिपिंडं चाचणीत सापडायला साधारण दोन महिने लागू शकतात. त्या दोन महिन्यांत तो माणूस ठणठणीत असतो, शिबिरात जातो, रक्त देतो, बिस्किट खातो, सेल्फी काढतो. त्याच्या रक्तात विषाणू असतो आणि पिशवीवर निगेटिव्ह असतं. याला विंडो पिरियड म्हणतात. हेपॅटायटिस बी चा हा काळ महिना-दीड महिन्याचा, एचआयव्हीचा तीनेक आठवड्यांचा. बी चं तर आणखी एक आहे. काही माणसांत तो वर्षानुवर्षं दडून बसतो आणि नेहमीच्या चाचणीत दिसतच नाही.

दुसरी चाचणी आहे, तिचं नाव नॅट. ती प्रतिपिंडांची वाट पाहत बसत नाही, थेट विषाणूचा जनुकीय अंश शोधते. हेपॅटायटिस सी चे दोन महिने तिच्यामुळे आठवडाभरावर येतात. एचआयव्हीचे तीन आठवडे दहा-अकरा दिवसांवर. धोका शून्य होत नाही, हे मी आधीच कबूल करते, कारण या विषयावर बोललं की पहिलं उत्तर हेच मिळतं. भारतात रक्तपेढीला ज्या पाच तपासण्या कायद्याने कराव्या लागतात, त्यांत नॅट नाही. ज्याला परवडतं तो करतो. म्हणजे तुम्हाला दोनदा तपासलेलं रक्त मिळणार की एकदा, हे तुम्ही कुठल्या शहरातल्या कुठल्या काउंटरवर उभे आहात त्यावर ठरतं.

आता नेहमीचा युक्तिवाद: हजारो बॅगांमागे एखादीच अशी निघते, तेवढ्यासाठी एवढा खर्च?

हा हिशेब तुमच्यासाठी बरोबर आहे. तुम्हाला आयुष्यात एकदा अपघातात दोन बॅगा लागतील, किंवा बाळंतपणात एक. माझ्या भावाचा हिशेब वेगळा आहे. समजा, पाच हजारांत एकच बॅग अशी निघते. हा आकडा मी नुसता धरायला घेतलाय. चारशे बॅगा लावलेल्या मुलाला त्यातली एक मिळण्याची शक्यता मग जवळपास आठ टक्के होते. शंभर मुलांच्या वॉर्डात आठ मुलं. दर बॅगेमागचा धोका नगण्य म्हणणारे लोक बॅगा मोजतात, मुलं मोजत नाहीत. आणि मेळघाटातल्या कोरकू वस्त्यांपासून आमच्या तालुक्यापर्यंत सिकलसेलचे रुग्ण आहेत, त्यांतल्या अनेकांना पुन्हापुन्हा रक्त लागतं. सिकलसेल निर्मूलनाचं राष्ट्रीय अभियान १ जुलै २०२३ ला मोठा सोहळा करून सुरू झालं. आजार शोधायची कार्डं गावोगाव वाटली जातात, ते चांगलंच आहे. शोधलेल्या रुग्णाला जे रक्त लावणार त्याचं काय, हेही त्याच कार्डासोबत कुणीतरी सांगायला हवं.

शिवाय एका माणसाचं रक्त एका माणसाला जातं, हा समज जुना झाला. एका बॅगेचे तीन भाग होतात: लाल पेशी, प्लेटलेट, प्लाझ्मा. लाल पेशी थॅलेसेमियाच्या मुलाला, प्लेटलेट डेंग्यूच्या रुग्णाला, प्लाझ्मा भाजलेल्याला. विंडोतला एक दाता तीन घरांत पोचू शकतो. ऑगस्ट ते ऑक्टोबर आमच्याकडे डेंग्यूच्या दिवसांत प्लेटलेटसाठी जी पळापळ होते ती पाहिलेल्यांना सांगायला नको, त्या गर्दीत चिठ्ठी वाचायलाही कुणाला वेळ नसतो.

भावाचा रिपोर्ट आल्यावर मी एक काम केलं. त्याची आधीची तपासणी सप्टेंबर २०२१ ची, ती निगेटिव्ह होती. त्याच्या मागे विंडोचे दोन महिने धरले. म्हणजे जुलै २०२१ ते जून २०२२ या काळात लावलेल्या बॅगांपैकी एखादी. रजिस्टरमधून मोजल्या. ३१ बॅगा, चार रक्तपेढ्या. प्रत्येकीचा नंबर माझ्याकडे होता. प्रत्येक नंबरामागे एक दाता, त्याचा फॉर्म, त्याचा मोबाइल. नियमाने रक्तपेढीला नोंदी पाच वर्षं ठेवाव्या लागतात. ३१ लोकांना फोन करायचा, पुन्हा तपासणीला बोलवायचं, एवढंच. जगात याला लुक-बॅक म्हणतात.

मी चारही ठिकाणी लेखी अर्ज दिला. एका ठिकाणी अर्जावर शिक्काच मिळाला नाही. दुसरीकडे म्हणाले, आमच्या सगळ्या बॅगा निगेटिव्ह होत्या, रेकॉर्ड पाहा. जणू मी त्याच रेकॉर्डची तक्रार घेऊन आले नव्हते. तिसऱ्या ठिकाणी टेबलापलीकडचे काका समजुतीच्या सुरात बोलले. “बेटा, तुम्ही चार जागचं रक्त घेतलं. आमचंच होतं कायवरून?” चौथ्या ठिकाणाहून उत्तर यायचंय. तीन वर्षं झाली, मी त्यांना अजून दोषी धरलेलं नाही, एवढं माझ्या बाजूने नोंदवून ठेवा.

‘आमचंच कायवरून’ हा बिनतोड बचाव आहे. थॅलेसेमियाचं मूल चार ठिकाणचं रक्त घेतं कारण कुठल्याही एका ठिकाणी ते नेहमी मिळत नाही. म्हणजे व्यवस्थेची टंचाई हाच व्यवस्थेच्या निर्दोषत्वाचा पुरावा.

घरी आल्यावर भावाने विचारलं, “ताई, ज्याचं रक्त होतं त्याले माहीत असन का वं?”

मी म्हटलं, कोणाला?

“ज्यानं देल्लं त्याले. त्याच्या लिवरचं काय?”

मी चार अर्ज लिहिले होते आणि हा प्रश्न माझ्या डोक्यात आला नव्हता. तो माणूस अमरावती-अकोल्याच्या पट्ट्यात कुठेतरी असेल. त्याने चांगल्या मनाने रक्त दिलं. त्याच्या यकृतात विषाणू बसलाय आणि तो दहा-वीस वर्षं गुपचूप बसू शकतो. हेपॅटायटिस सी वर आता औषध आहे. २८ जुलै २०१८ पासून सुरू झालेल्या राष्ट्रीय कार्यक्रमात ते सरकारी केंद्रांत फुकट मिळतं. सोफोसबुव्हिर आणि डॅक्लाटास्विर, रोज एकदा, बारा आठवडे. बहुतेक लोक पूर्ण बरे होतात. माझा भाऊही झाला. पण त्यासाठी आधी आपल्याला तो आहे हे कळावं लागतं. ३१ फोन केले असते तर माझ्या भावाला न्याय मिळाला असता की नाही ठाऊक नाही, त्या माणसाचं यकृत मात्र वाचलं असतं.

इथे मला तुमच्याशी बोलायचंय, म्हणजे वाचणाऱ्यांपैकी जे शिबिरात रक्त देतात त्यांच्याशी. महाराष्ट्र रक्तदानात देशात पुढे आहे आणि त्याचा मला अभिमान आहे, भाऊ त्याच्यावरच जगतोय. पण शेवटच्या शिबिरात तुमचा फॉर्म कुणी भरला? तुम्ही, की टेबलावरच्या पोराने भराभर ‘नाही, नाही, नाही’ अशा खुणा केल्या? मागच्या बारा महिन्यांत टॅटू काढला का, कधी कावीळ झाली होती का, हे प्रश्न तिथे असतात. टॅटू काढला असेल तर वर्षभर थांबायचं असतं. बी किंवा सी कावीळ झालेल्याने कधीच द्यायचं नसतं. हे प्रश्न मित्रांच्या घोळक्यात, डीजेच्या आवाजात, नेत्याच्या वाढदिवसाच्या फ्लेक्सखाली विचारले तर त्यांना खरं उत्तर कोण देणार? त्यात बॅग, हेल्मेट, पाण्याची बाटली अशा भेटी असल्या की मागे फिरणं आणखी अवघड होतं. पैसे घेऊन रक्त देण्यावर १ जानेवारी १९९८ पासून देशात बंदी आली, सर्वोच्च न्यायालयाच्या १९९६ च्या निकालामुळे. पैसे घेणारा आपला आजार लपवतो, हे त्यामागचं एक साधं कारण. हेल्मेट घेणारा लपवत नाही, असं आपण कशावरून धरलं?

आणि रक्त दिल्यानंतर तुम्हाला रिपोर्ट मिळाला का? प्रमाणपत्र मिळालं असेल, त्यावर आमदारांचा फोटो असेल.

आता पैशांचं. नॅटचा खर्च पिशवीमागे हजार-बाराशे रुपये पडतो, यंत्रं महाग, प्रशिक्षित माणसं लागतात, वीज अखंड लागते. खरं आहे. गरीब देशांनी आधी स्वेच्छा रक्तदान आणि दर्जेदार इलायझा नीट करावं, मग नॅटकडे जावं, असं म्हणणारे तज्ज्ञ मूर्ख नाहीत. मीसुद्धा म्हणते की इलायझाच्या जागी कार्ड टेस्टवर भागवणारी पेढी असेल तर नॅटच्या आधी तिला कुलूप लागावं. पण ‘आधी हे, मग ते’ असं म्हणत आपण हेपॅटायटिस सी ची साधी तपासणी २००१ मध्ये बंधनकारक केली. विषाणू सापडला होता १९८९ मध्ये आणि लगेच पुढच्या वर्षापासून श्रीमंत देशांत चाचण्या सुरू झाल्या होत्या. मधल्या वर्षांत ज्या मुलांना रक्त लावलं गेलं, त्यांना ‘मग ते’ची वाट पाहता आली नाही.

नॅटसाठी बॅग कुठे न्यावी लागत नाही. रक्ताची एक छोटी नळी न्यावी लागते. म्हणजे प्रत्येक तालुक्यात यंत्र नको. एका विभागाला एक प्रयोगशाळा पुरते, बाकीच्यांनी रोज संध्याकाळी नळ्या पाठवायच्या. अमरावती विभागात पाच जिल्हे: अमरावती, अकोला, यवतमाळ, वाशीम, बुलडाणा. अनेक नमुने एकत्र करून तपासले की खर्चही उतरतो. आणि रस्ता नाही असं तर आम्हाला कुणी सांगूच नये.

कारण तो रस्ता बनताना मी पाहिलाय. ३ जून २०२२ च्या सकाळी काम सुरू झालं आणि ७ तारखेच्या संध्याकाळी संपलं. अमरावती-अकोला महामार्गावर, लोणी ते माना, ७५ किलोमीटर डांबरी थर, १०५ तास ३३ मिनिटांत. गिनीज बुकात नोंद झाली. (मोजणी एका लेनची आहे, पण विक्रम तो विक्रम.) आम्ही त्याच आठवड्यात भावाचं सँपल द्यायला अमरावतीला निघालो होतो. एसटीच्या खिडकीतून वाफाळणारं डांबर, रोलरची रांग, रात्रीच्या कामाचे दिवे दिसत होते. बसमधले लोक फोन काढून शूटिंग करत होते. मीही केलं, खोटं कशाला बोलू. नागपूरच्या मुलांबद्दलच्या नोटिशीला तेव्हा दहा-बारा दिवस झाले होते. ठरवलं तर या पट्ट्यात चोवीस तास माणसं, यंत्रं आणि माल हलवता येतो, हे त्या आठवड्यात साऱ्या जगाला दिसलं. त्या रस्त्यावरून रोज संध्याकाळी नळ्यांची एक पेटी न्यायला विक्रमाचीसुद्धा गरज नाही.

ब्रिटनमध्ये सत्तर-ऐंशीच्या दशकात रक्त आणि रक्तापासून केलेल्या औषधांतून तीस हजारांहून जास्त लोकांना एचआयव्ही आणि हेपॅटायटिस सी झाला. हिमोफिलियाच्या शाळकरी मुलांना अमेरिकेतल्या कैद्यांच्याही प्लाझ्मापासून बनवलेलं औषध दिलं गेलं. सरकारं बदलली, प्रत्येकाने ‘त्या काळी शक्य तेवढं केलं’ असंच सांगितलं. शेवटी मे २०२४ मध्ये सर ब्रायन लँगस्टाफ यांच्या चौकशी समितीचा अहवाल आला. हा अपघात नव्हता, बरंचसं टाळता आलं असतं आणि ते लपवलं गेलं, असा निष्कर्ष निघाला. पंतप्रधानांनी संसदेत माफी मागितली, भरपाईसाठी अब्जावधी पौंड बाजूला ठेवले गेले. चाळीस वर्षं उशिरा, हजारो माणसं मेल्यावर, पण मोजणी तरी झाली.

आपल्याकडे मोजणी म्हणजे माहिती अधिकारात बाहेर आलेला एक आकडा. ऑक्टोबर २०१४ ते मार्च २०१६ या काळात देशात २,२३४ लोकांनी तपासणी केंद्रात सांगितलं की आपल्याला एचआयव्ही रक्त घेतल्यामुळे झाला, त्यातले २७६ महाराष्ट्रातले. सरकारचं म्हणणं, हे रुग्णांचं स्वतःचं सांगणं आहे, सिद्ध झालेलं नाही. ठीक. मग सिद्ध करायला कुणी निघालं का? आणि हा आकडा फक्त एचआयव्हीचा. हेपॅटायटिस सी झालेल्याला ‘कशातून झाला’ हे तितक्या नेमाने विचारून लिहून घेणारं टेबल मला तरी कुठल्या दवाखान्यात दिसलं नाही. रक्तातून झालेल्या त्रासाची नोंद ठेवणारा राष्ट्रीय कार्यक्रम डिसेंबर २०१२ पासून आहे. त्यात कळवणं ऐच्छिक आहे. माझा भाऊ त्यात नाही.

कोर्टात जा, असं लोक सांगतात. २००२ मध्ये लष्करी रुग्णालयात रक्त दिल्यामुळे एचआयव्ही झालेल्या हवाई दलातल्या एका माणसाला सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २०२३ मध्ये दीड कोटीहून जास्त भरपाई दिली. एकवीस वर्षं. त्याच्याकडे निदान बॅग कुठल्या दवाखान्यात लावली ते नक्की होतं.

‘बरा झाला ना, मग कशाला उगाळायचं,’ असंही ऐकलंय, नातेवाइकांकडूनच. बरा झाला. पण सतत रक्त घेणाऱ्यांच्या यकृतात लोह साठत जातं, ते काढायच्या गोळ्या तो रोज खातो. त्याच यकृतावर आणखी एका विषाणूने काही महिने हात मारून घेतला. पुढे काय होईल ते डॉक्टर सांगत नाहीत, फायब्रोस्कॅनची तारीख देतात. आणि तो बरा झाला, लगेच वीस दिवसांनी पुन्हा त्याच काउंटरवर, पुन्हा तीच चिठ्ठी. विषाणू पुन्हा होऊ शकतो. त्याच्यासाठी ही गोष्ट संपून गेलेली नाही.

आईने रजिस्टरमध्ये आता पेनाने एक नवा रकाना आखलाय. वर ‘न्याट’ असं लिहिलंय. ती काउंटरवर विचारते, हाये का? मिळालेलं उत्तर चिठ्ठीशेजारी लिहिते. बहुतेक ठिकाणी ‘नाही’ आहे. एके ठिकाणी ‘साहेबाले विचारतो’ असं आहे, ते तिने तसंच लिहून घेतलंय.

शुक्रवारी भावाची तारीख आहे. दोन बॅगा, बी पॉझिटिव्ह. बाबांचा अकोल्याला फोन लावून झालाय, तिथे एकच आहे. दुसरीसाठी सकाळी अमरावतीला जावं लागेल.